बाटलीवरचा दावा, वावरातला पुरावा

वाचक विचारतात

नवीन आलेलं घ्यावं की नको, आणि घेतलं तर त्याचा फायदा नेमका कुणाच्या पदरात पडतो, याबद्दलची पत्रं गेल्या दोन महिन्यांत बरीच आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. शेती, प्रक्रिया उद्योग आणि पेटंट या विषयांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नवं तंत्रज्ञान आलं की देश पुढे जातो असं सगळीकडे वाचतो. आमच्या गावात बीटी आलं, ट्रॅक्टर आला, मोबाइल आला. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा खर्च मात्र दरवर्षी वाढतच गेला. मग ज्ञानामुळे वाढ होते, ती नेमकी कुठे होते?
– कापूस उत्पादक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

तुम्ही मोजलेल्या तिन्ही वस्तू विकत आलेल्या आहेत. वस्तू दुकानात मिळते. ती आपल्या जमिनीत आणि आपल्या पावसात कशी चालवायची, हे दुकानात मिळत नाही. घोडं तिथेच अडतं.

अर्थशास्त्रज्ञ पॉल रोमर यांना २०१८ साली विल्यम नॉर्डहाउस यांच्यासोबत नोबेल मिळालं. रोमर यांचा मुद्दा आपल्या भाषेत असा मांडता येईल. बैलजोडी एका वेळी एकाच वावरात चालते. पण पेरणीच्या दोन तासांतलं, म्हणजे ओळींतलं, अंतर किती ठेवावं ही माहिती एकाच दिवशी हजार वावरांत वापरली, तरी झिजत नाही. म्हणून नुसती अवजारं वाढवत गेलं तर वाढ कुठेतरी थांबते, माहितीतून होणारी वाढ पुढेही चालू राहू शकते. मात्र न झिजणारी माहिती आपोआप पोचते असं नाही. झ्वी ग्रिलिकेस यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या संकरित मक्याचा अभ्यास मांडला. आयोवा राज्यात हा मका चार-पाच वर्षांत जवळजवळ सर्वत्र पसरला, अलाबामात मात्र बराच उशिरा. अलाबामाचे शेतकरी मागासलेले होते म्हणून नव्हे. त्यांच्या मातीला आणि हवेला जुळणारे संकर आधी कुणी तयारच केले नव्हते.

आता कापसाकडे येऊ. भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं बीजी-२ आलं. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच घटल्या. पण गुलाबी बोंडअळीने आधी एका आणि मग दोन्ही जनुकांना दाद देणं बंद केलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याचा मोठा फटका खाल्ला. दुसरीकडे अमेरिकेने तीच बीटी वापरली आणि २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटीसोबत नसबंदी केलेले पतंग सोडले जात होते, काढणीनंतर पऱ्हाट्या वेळेत मोडल्या जात होत्या आणि हे सगळं पट्ट्याच्या पट्ट्यात एकाच वेळी होत होतं.

आपल्याकडे काय झालं? ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची एक छोटी पुडी यायची, आठवत असेल. ती भोवतीने लावायची असते, कारण नॉन-बीटी झाडांवर वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकार पातळ होतो. बहुतेक पुड्या धुऱ्यावर (बांधावर) पडून राहिल्या. पुडी का लावायची हे शेतकऱ्याला कुणी धड सांगितलंच नाही, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. त्यात लांब मुदतीचे संकर आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालणारी फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक. अळीला वर्षभर जेवण मिळालं.

तुमच्या वावरापुरतं आज करण्यासारखं सांगतो. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा अर्धा ते एक फूट उंच. झाड वाढलं की सापळाही वर सरकवा. हे विसरलं की सापळा पानांत बुडतो आणि रिकामा दिसतो. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, साधारण तीन आठवड्यांनी बदला. नवी ल्यूर हाताळताना तंबाखूचा हात नको. सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, तर धोक्याची पातळी ओलांडली असं समजा. त्यासोबत एकरातून मध्यम आकाराची २० हिरवी बोंडं तोडून फोडून बघा. दोनात जिवंत अळी निघाली म्हणजे १० टक्के झाले, फवारणीची वेळ आली. बोंड वरून निर्मळ दिसतं, म्हणून बघून भागत नाही, फोडावंच लागतं. डोमकळ्या (अळी आत असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा, तिथेच टाकू नका. आणि एकरी दोन सापळे अळी संपवत नाहीत. त्यांत फक्त नर अडकतात आणि सापळा फवारणीची तारीख सांगतो, तेवढंच त्याचं काम. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. घरामागच्या गंजीत वाळकी बोंडं राहिली की पुढच्या जूनचे पतंग तिथूनच निघतात.

भारत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, दक्षिण कोरिया पाचाच्या आसपास. हा फरक मोठाच आहे. पण नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे आणि अकोल्याला कृषी विद्यापीठ १९६९ पासून. तिथून दारव्ह्यापर्यंतची वाट पैशाअभावीच अडलेली आहे असं म्हणवत नाही.

प्रश्न : कृषी केंद्रवाला सोयाबीनवर फवारायला एक टॉनिक देतो. एकरी ९०० रुपये. म्हणतो, दोन पोते वाढतील. मागच्या वर्षी फवारलं, पीक चांगलं झालं. पण पाऊसही चांगला होता. टॉनिकमुळे झालं की पावसामुळे, हे कसं ओळखावं?
– शेतकरी, चिखली तालुका, जि. बुलडाणा

ज्याला ही शंका येते त्याने अर्धी लढाई जिंकली. उरलेल्या अर्ध्यासाठी पाव एकर, एक दोरी, एक वजनकाटा आणि एक नाणं लागेल.

यंदाच्या पिकाची तुलना मागच्या वर्षीशी करायची नाही, शेजाऱ्याच्या वावराशीही नाही. एकाच वावरात, एकाच दिवशी पेरलेल्या पिकात पट्टे पाडायचे. सोयाबीन १८ इंचांवर पेरलं असेल तर ८ तासांचा (ओळींचा) एक पट्टा धरा, म्हणजे १२ फूट रुंद. लांबी ११० फूट. असे आठ पट्टे शेजारी-शेजारी आखा. सगळे मिळून सुमारे साडेदहा हजार चौरस फूट होतात, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आतच. दोन-दोन पट्ट्यांची एक जोडी, अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीत कोणता पट्टा फवारायचा ते नाणं उडवून ठरवा. स्वतः निवडायला गेलात, तर नकळत चांगला दिसणाराच पट्टा फवारला जातो. बहुतेकांचे प्रयोग इथेच फसतात, आणि फसल्याचं त्यांना कळतही नाही.

पट्टे उताराच्या दिशेने आखा, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वरची हलकी आणि खालची भारी जमीन सारखीच येईल. धुऱ्यापासून १५ फूट सोडा. लिंबाच्या सावलीतला आणि जिथे शेणखताचा ढीग होता तो भाग टाळा. तिथलं सोयाबीन पाच वर्षं वेगळंच दिसतं.

न फवारायच्या पट्ट्यांवरही साधं पाणी फवारा, तेवढंच आणि त्याच दिवशी. नाहीतर फरक टॉनिकचा की पाण्याचा, हे कळणार नाही. पंप आधी तीनदा धुवा. तणनाशकाचा पंप असेल तर तो वापरूच नका. टू-फोर-डी तणनाशकाचे दोन थेंब उरले तरी पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानांसारखी होतात, आणि सोयाबीनलाही ते सोसत नाही. वारा असताना फवारू नका. आठ तासांचे पट्टे आखायचे ते यासाठीच, म्हणजे कडेचे दोन-दोन तास तुषार अंगावर घेतात आणि मोजायचे मधले चार तास स्वच्छ राहतात.

काढणीला प्रत्येक पट्ट्याचे फक्त मधले चार तास वेगळे कापा. ६ फूट गुणिले ११० फूट म्हणजे ६६० चौरस फूट. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, म्हणून पट्ट्याचं वजन ६६ ने गुणलं की एकरी उत्पन्न निघतं. प्रत्येक पट्ट्याची मळणी वेगळी करा आणि दोन पट्ट्यांमध्ये थ्रेशर रिकामा फिरवून झाडून घ्या. बारा किलोच्या ढिगात अर्धा किलो मागचा मिसळला, की सगळी मेहनत वाया.

ओलीचा हिशेबही घ्या. १२ किलो सोयाबीन १४ टक्के ओलीचं असेल, तर १० टक्के ओलीला त्याचं वजन १२ गुणिले ८६ भागिले ९० म्हणजे ११.४७ किलो भरतं. अर्धा किलो नुसतं पाणी! सगळे ढीग दोन दिवस एकाच ताडपत्रीवर वाळवून एकाच सकाळी मोजले, तरी चालेल.

आता निकाल कसा वाचायचा ते पाहू. समजा चार जोड्यांत फवारलेल्या पट्ट्याचा फरक असा आला : ०.९ किलो जास्त, ०.४ किलो कमी, ०.७ जास्त, ०.२ जास्त. सरासरी ०.३५ किलो जास्त, एकरी २३ किलो. ४५ रुपये किलोने सुमारे १,०४० रुपये. खर्च ९००. फायदा दिसतो, नाही का? तरी आम्ही बाटली घेणार नाही. एका जोडीत फरक उलटा गेलाय आणि जोड्या-जोड्यांतली चढ-उतार सरासरीपेक्षा मोठी आहे. असा निकाल टॉनिक न मारताही सहज येऊ शकतो. या उलट फरक ०.५, ०.७, ०.४, ०.६ असे चारही जोड्यांत जास्तच आले, तर गोष्ट निराळी. नाणं चार वेळा सलग छापा पडण्याची शक्यता सोळात एक असते. सहा जोड्या घेतल्या आणि सहाही एकाच बाजूला गेल्या, तर चौसष्टात एक. शक्य असेल तर सहा घ्या. आणि एका हंगामावर निकाल लावू नका, कमी पावसाचं एक वर्ष त्यात यायलाच हवं.

‘दोन पोते’ म्हणजे एकरी जवळपास दोन क्विंटल. तेवढी वाढ खरी असती, तर पट्ट्यात तीन किलोचा फरक आला असता. तो मोजायला काटाही लागला नसता, डोळ्यांनीच दिसला असता.

गावातल्या पाच जणांनी हाच आराखडा पाच वावरांत लावला तर वीस जोड्या होतात. एवढा पुरावा हातात असला, की कृषी केंद्रात बोलण्याचा सूरच बदलतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाने मिनी डाळ मिल घेतली. तुरीची डाळ करताना तुकडा फार पडतो, काही दाण्यांना टरफल चिकटून राहतं. मशीन दाखवायला आलेल्याने केलं तेव्हा झकास झालं होतं. मशीन खराब आहे का?
– महिला बचत गट, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

ताई, मशीन बहुधा ठीकच असणार. दाखवायला येणारा वाळवून तयार केलेली, एकसारख्या दाण्याची तूर सोबत घेऊन येतो. डाळीचं निम्म्याहून जास्त काम मशीनच्या बाहेर, ताडपत्रीवर होतं, आणि नेमकं तेच मशीनसोबतच्या पुस्तिकेत दोन ओळींत उरकलेलं असतं.

तुरीच्या टरफलाखाली डिंकासारखा थर असतो. तो सैल झाल्याशिवाय टरफल सुटत नाही. जोर लावून सोडवायला गेलं की दाणा फुटतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हा एकच थर आहे.

आधी तूर चाळून मोठा आणि बारीक दाणा वेगळा करा. हे चुकवू नका. एमरी रोलर (खरबरीत अंगाचा रूळ) आणि जाळी यांच्यातली फट मोठ्या दाण्याला बसवली तर बारीक दाणा न सोलता निघून जातो, बारीकला बसवली तर मोठ्याचा चुरा होतो. मग पहिली फेरी हलक्या हाताने, फक्त टरफलावर ओरखडे पडण्यापुरती. ओरखडे पडल्यावर १०० किलोला २०० ते ५०० ग्रॅम खाद्यतेल चोळा. जवसाचं चालतं. रात्रभर ढीग झाकून ठेवा, म्हणजे तेल आत उतरतं. नंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरा आणि संध्याकाळी पुन्हा ढीग करून झाका. वाळल्यावर १०० किलोला २ ते ३ लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग. दाणा पाणी पिऊन फुगतो, उन्हात आकसतो आणि टरफल सैल होतं. मग मिलमध्ये घाला. पहिल्या फेरीत न सुटलेला गोटा चाळून वेगळा काढा आणि तेवढ्यालाच पुन्हा तेल-पाणी द्या. सगळा माल पुन्हा फिरवलात तर झालेल्या डाळीचा तुकडा होतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

तयारी झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. दहा दाणे दातांखाली धरा. कट्ट आवाज होऊन दोन फाकी झाल्या तर तयार. दबून चपटे झाले तर ओल आहे, अजून एक ऊन द्या. ओली तूर घातली की रोलरच्या खरबरीत अंगावर पिठाचा लेप बसतो, तो गुळगुळीत होतो आणि मग कितीही फिरवा, टरफल सुटत नाही. अशा वेळी फट आवळू नका. रोलर तारेच्या ब्रशने कोरडा घासा. ढगाळ हवेत कामच लावू नका, ग्राहक कितीही घाई करो.

प्रत्येक घाण्याला चार वजनं लिहा : डाळ, चुनी (बारीक चुरा)-तुकडा, टरफल आणि घट. १०० किलोला डाळ ७२ च्या आसपास, चुनी आणि तुकडा मिळून १३, टरफल १२ आणि बाकीची ओल-धूळ, अशी ताळमेळीची वही दिसली तर काम बरं चाललंय. चुनी १८ वर गेली, तर फट किंवा वाळवण चुकलं. घट ५ वर गेली, तर गळती शोधा. पोत्याला भोक असतं किंवा काट्यात खोट.

आता पैशाचा हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा. मशीन, शेड, वीजजोडणी मिळून ३ लाख. दहा वर्षांची झीज धरली तर वर्षाला ३० हजार, व्याज ३० हजार, दुरुस्ती १५ हजार : एकूण ७५ हजार. किलोला ८ रुपये भरडाई घेतली आणि वीज-मजुरी-तेलाचे ५ गेले, तर सुटतात ३ रुपये. म्हणजे २५,००० किलो, २५० क्विंटल तूर भरडल्यावर गट बिनतोट्यात येतो. दिवसाला ४ क्विंटल होत असतील तर ६३ दिवस, आणि तेही फेब्रुवारी ते मेच्या उन्हातच. एकरी ४ क्विंटल तूर धरली तर ६२-६३ एकरांचा माल झाला. एका गावातून नाही जमला, तर दोन-तीन गावं धरावी लागतील. पावसाळ्यात त्याच मोटरवर मसाला किंवा पीठ गिरणी चालवता आली, तर झीज आणि व्याजाचं ओझं वाटलं जातं.

शेवटी एक सोय सांगतो. फट किती, तेल किती, वाळवण किती दिवस, हे शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मशीन चालवणारी एकच ताई असेल आणि ती लग्नकार्याला गेली, तर मिल बंद पडायला नको.

प्रश्न : माझ्या धानाच्या बांधीत दोन वर्षांपासून काही लोंब्या वेगळ्या दिसतात. दाणा बारीक, चार दिवस आधी पिकतात. त्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. यातून वाण होऊ शकतो का? आणि झाला तर माझ्या नावावर राहील का?
– धान उत्पादक, मूल तालुका, जि. चंद्रपूर

होऊ शकतो. तुमच्याच जिल्ह्यात झालेला आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी एचएमटी तांदूळ घडवला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव वाणाला पडलं. दीड एकराच्या आसपास जमीन असलेल्या माणसाचा वाण राज्याबाहेर गेला आणि २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला. बियाण्यातून पैसा इतरांनी कमावला, त्यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. २०१८ मध्ये ते गेले. वाण घडला त्या काळात शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये झाला : पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा.

आधी वाण स्थिर करा. ठेवलेल्या लोंब्या एकत्र झोडू नका. प्रत्येक लोंबीचा पुडा वेगळा, त्यावर क्रमांक. रोपवाटिकेत प्रत्येक लोंबीची ओळ वेगळी आणि रोवणी करताना एका जागी एकच रोप. नेहमीसारखी तीन-चार रोपं एकत्र रोवली, तर कोणतं झाड कशाचं ते कळणार नाही. एका लोंबीची झाडं एका ओळीत उभी राहिली की लगेच दिसतं : सगळी सारखी की खिचडी. खिचडी असलेली ओळ निवडीतून काढून टाका. सारख्या ओळींतून पुन्हा लोंब्या निवडा. असे पाच-सहा हंगाम. धानात परपराग (दुसऱ्या झाडाचा पराग लागणं) कमी असतो, तरी दुसऱ्या धानापासून किमान ३ मीटर अंतर ठेवा.

वही सुरुवातीपासून ठेवा : निसवण्याची (लोंबी बाहेर पडण्याची) तारीख, उंची, लोंबीतले दाणे, पिकण्याचे दिवस आणि मूळ वाणाचे तेच आकडे शेजारी. नोंदणीत वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे का, हे तपासतात. शेतकऱ्याच्या वाणाला एकसारखेपणाच्या अटीत थोडी सूट असते आणि नोंदणी शुल्क लागत नाही. अर्ज तुमच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत करा. धानासारख्या पिकाला संरक्षण १५ वर्षांचं मिळतं.

तोवर पाहुण्या-रावळ्यांना मूठ-मूठ बियाणं वाटायचा मोह आवरा. द्यायचंच असेल तर कुणाला, किती, कोणत्या तारखेला दिलं ते लिहून त्याची सही घ्या.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. पऱ्हाट्या उपटायचा पायाने दाबायचा चिमटा बनवला, लोकांना आवडला. पेटंट घ्यावं म्हणतो. व्हिडिओही टाकला आहे.
– रिसोड तालुका, जि. वाशीम

व्हिडिओ हीच अडचण झाली. अर्जाआधी जे जगाला दाखवलं, ते पेटंट कायद्याच्या दृष्टीने नवीन राहत नाही, मग दाखवणारे तुम्ही स्वतः का असेनात. व्हिडिओत न दिसलेली नवी सुधारणा असेल, तर तिचा विचार करता येईल. तसंही पऱ्हाट्या उपटायचे चिमटे पूर्वीपासून आहेत. भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधयंत्रावर आधी तासभर शोधा.

नवीन काही निघालं, तर प्राथमिक अर्ज करून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास शुल्क १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीचे ४,००० वेगळे, आणि ती विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची असते. मिळालं तर मुदत २० वर्षं. मात्र वकिलाची फी यापेक्षा कितीतरी जास्त होते. पेरणीची किंवा छाटणीची निव्वळ पद्धत पेटंटला पात्र नसते, अवजार असू शकतं.

आमचं स्पष्ट मत असं, की तुमच्या चिमट्याचं पेटंट हुकलं तरी मोठं नुकसान नाही. तुमच्या शेजारचा वेल्डर तो आठ दिवसांत उतरवणारच. तुमचा टिकला आणि त्याचा मोडला, की गिऱ्हाईक ठरतं. म्हणून लक्ष मोडण्याकडे द्या. असे चिमटे दोन ठिकाणी जातात : दातांना आणि बिजागरीला. साध्या लोखंडाचे दात एका हंगामात गोल होतात. गाडीच्या जुन्या कमान-पट्टीचे (स्प्रिंगच्या पट्टीचे) करा. पण कमान-पट्टी थंडीच वेल्ड केली की जोडाशेजारी काचेसारखी तडकते, म्हणून ती नट-बोल्टने बसवा. दात बदलता येतील, हा वरचा फायदा.

लांबीचं गणितही तपासा. टेकूपासून जबडा ४ इंच आणि दांडा ४८ इंच असेल तर जोर बारापट होतो. पण दांडा ३ फूट खाली आला तरी मूळ ३ इंचच उचललं जातं. भारी जमिनीत तेवढ्याने सोटमूळ सुटत नाही, पुन्हा पकडावं लागतं. जबडा ६ इंचांवर नेलात तर जोर आठपट उरतो, उचल साडेचार इंच मिळते. दोन्ही बनवा, दोन मजुरांना एकेक तास द्या आणि किती पऱ्हाट्या निघाल्या ते मोजा. हे काम ओल असताना वेगळं आणि वाळल्यावर वेगळं निघतं, तेव्हा दोन्ही वेळा मोजा.

प्रश्न : भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी व्यापारी साध्या मिरचीचाच भाव देतो. असं का?
– मिरची उत्पादक, भिवापूर तालुका, जि. नागपूर

मानांकन नावाचं रक्षण करतं, भाव ठरवत नाही. शिवाय मानांकन एखाद्या संस्थेच्या नावावर असतं. तुम्हाला ते नाव पोत्यावर छापायचं असेल, तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ती केली आहे का, हे आधी पाहा. नोंद असली तरी बाजाराच्या यार्डात सगळ्यांच्या मिरचीचा एकच ढीग होतो आणि तिथे नाव पुसलं जातं. वीस-पंचवीस जणांनी माल वेगळा वाळवून, देठ खुडून, पोत्यावर गाव आणि तोडणीची तारीख घालून एकत्र विकला, तरच वेगळा भाव मागता येतो. आणि बियाणं स्वतःचं धरताना शेजारी दुसरी मिरची नको. मिरचीत परपराग बराच होतो. चार-पाच वर्षं भेसळीचं बी धरत गेलात, तर पोत्यावरचं नाव भिवापुरी आणि आतली मिरची भलतीच, अशी गत होईल.